कुन्मिंगला नऊ तास: विमानतळावर झोपायचं की फुलबाजार गाठायचा?

चीनला पहिल्यांदा माल बघायला निघालेला माणूस तिकीट काढताना एकच रकाना बघतो, पैशांचा. सगळ्यात स्वस्त तिकीट दिसलं की पटकन बुक होतं. मग रात्री निवांत वाचताना लक्षात येतं, की मध्ये कुठल्यातरी न ऐकलेल्या शहरात नऊ तास थांबायचंय. शनिवार पेठेत दुकानाच्या वरच्या खोलीत माझा वर्ग भरतो, तिथे प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच: "मॅडम, नऊ तास तिथे करायचं काय?"

एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पेठेत राहून हा प्रश्न पडावा, याची मला गंमत वाटते. पण प्रश्न खरा आहे. तुम्ही मुद्रा कर्ज काढून किंवा घरातली ठेव मोडून निघालेले असता. व्हिसा, तिकीट, राहणं, दुभाषा, सगळ्याला पैसे लागलेत. त्या प्रवासातले नऊ तास खुर्चीवर बसून मोबाइल चार्ज करण्यात गेले, तर तेही खर्चातच धरायला हवेत.

माझं उत्तर ठरलेलं आहे. ते शहर स्वतःचं पोट कशावर भरतं ते शोधायचं, आणि त्या एकाच बाजारात जायचं. देवळं, तलाव, उंच इमारती नंतर कधीतरी, घरच्यांना घेऊन जाल तेव्हा. आज कुन्मिंगचं उदाहरण घेते, कारण आपल्या लोकांच्या तिकिटांवर हे नाव बऱ्याचदा दिसतं.

कुन्मिंग ही युन्नान प्रांताची राजधानी, चीनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात. लोकसंख्येने ते पुण्यापेक्षा लहान नाही, पण शांघाय-ग्वांगझोच्या पुढे चीनमध्ये त्याला कोणी मोठं म्हणत नाही. चायना ईस्टर्नची कोलकाता–कुन्मिंग फेरी भारतीय व्यापाऱ्यांना वर्षानुवर्षं माहीत होती. २०२० मध्ये भारत आणि चीनमधली थेट विमानं थांबली, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता–ग्वांगझो मार्गाने पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात लोक बँकॉक, काठमांडू, ढाका असं फिरून जायला शिकले, आणि या तिन्ही ठिकाणांहून कुन्मिंगला विमानं आहेत. तिथून पुढे कोणी ग्वांगझोच्या कँटन फेअरला जातं (१९५७ पासूनचं हे प्रदर्शन दर वर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होतं), कोणी हांगझोमार्गे यिवूच्या घाऊक बाजाराला. यिवूत सुमारे ७५,००० गाळे आहेत. त्यावर आपण स्वतंत्र बोलू.

आता बाहेर पडायची परवानगी. इथे ऐकीव माहितीवर अजिबात जाऊ नका. चीनने बऱ्याच देशांच्या नागरिकांना २४० तास विनाव्हिसा थांबायची सवलत दिली आहे, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्या यादीत भारत नाही. आपल्याला लागू होऊ शकते ती २४ तासांची सवलत. तीही तुम्ही चीनमधून तिसऱ्या देशात जात असाल आणि पुढचं पक्कं तिकीट हातात असेल तरच. त्यातही विमानतळाच्या बाहेर सोडायचं की नाही, ते तिथला अधिकारी ठरवतो. तो नाही म्हणाला, तर हसून आत बसायचं. वाद घालायचा नाही.

पण तुम्ही व्यापाराचा व्हिसा घेऊन निघाला असाल आणि पुढचं विमान चीनमधल्याच शहराचं असेल, तर तुमचा चीनमध्ये प्रवेश कुन्मिंगलाच होतो. शिक्का तिथेच बसतो, बॅगही बहुतेक वेळा तिथेच हातात घेऊन कस्टममधून काढावी लागते. म्हणजे तुम्ही तसेही बाहेर आलेलेच असता. विमानतळावर पैसे भरून सामान ठेवायची सोय असते. बॅग तिथे द्या आणि मोकळे व्हा. दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास करत असाल तर मात्र जास्त सावध राहा. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी तुमची वाट बघणार नाही.

आता हिशेब. कागद घ्या, खरंच घ्या.

समजा दुपारी दोनला विमान उतरलं आणि पुढचं रात्री अकराला आहे. नऊ तास. उतरणं, रांग, बोटांचे ठसे, बॅग, सामान ठेवणं, याला दीड तास. शहरातल्या बाजारापर्यंत जाणं-येणं मिळून तीन तास. विमानतळ शहराच्या ईशान्येला साधारण २५ किलोमीटरवर आहे आणि आपला बाजार शहराच्या दक्षिणेला, त्यामुळे यात कंजूसपणा करू नका. पुढच्या विमानाच्या अडीच तास आधी परत. बेरीज सात. नऊमधून सात गेले, राहिले दोन. म्हणजे सात तासांपर्यंतचा थांबा असेल तर हातात शून्य उरतं, मग बाहेर पडायचंच नाही. तुमचा माल पुढच्या शहरात आहे, हे विसरू नका. बाजार बघण्याच्या नादात ते विमान चुकलं तर अख्ख्या दौऱ्याचं गणित कोसळेल.

आत बसायची वेळ आली तर? मग एक वाडगा बघा, खाल्ला नाही तरी चालेल. युन्नानचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे "पूल ओलांडणाऱ्या" तांदळाच्या शेवया. गरम रस्सा वेगळा, शेवया वेगळ्या, भाज्या आणि मांसाचे पातळ काप वेगळे. रश्श्यावर तेलाचा थर असतो, तो रस्सा थंड होऊ देत नाही. पूल ओलांडून नवऱ्याला जेवण नेणाऱ्या बायकोची गोष्ट त्याला जोडून सांगतात. गोष्ट खरी की खोटी ते सोडा, पण मिसळीचं पार्सल देणाऱ्यांनी हा वाडगा नीट बघावा. आपल्याकडे अजूनही काही जण तर्री आणि फरसाण एकाच पिशवीत बांधून देतात. शाकाहारी असाल तर रस्सा मांसाचा असतो, तेवढं ध्यानात ठेवा.

हातात दोन तास आहेत, असं धरून बाजाराकडे जाऊ. बाजाराचं नाव दौनान. चीनमधला, आणि आशियातला, कापलेल्या ताज्या फुलांचा सगळ्यात मोठा बाजार म्हणून तो ओळखला जातो. विमानतळावरून मेट्रोची लाइन ६ निघते आणि दौनान स्टेशन लाइन ४ वर आहे. टॅक्सीने गेलात तर चिनी अक्षरांत लिहिलेला पत्ता फोनवर तयार ठेवा. बोलून सांगायच्या भानगडीत पडू नका.

दौनान हे मुळात भाजी पिकवणारं गाव. १९८०च्या दशकात तिथल्या एका शेतकऱ्याने भाजीच्या तुकड्यात ग्लॅडिओलस लावला. भाजीपेक्षा पैसे बरे मिळाले, म्हणून शेजाऱ्याने लावला, मग त्याच्या शेजाऱ्याने. फुलं रस्त्याच्या कडेला विकायला ठेवू लागले, आणि त्या कडेचा बाजार झाला. कुन्मिंग समुद्रसपाटीपासून १,९०० मीटरच्या आसपास आहे, वर्षभर हवा मोगऱ्यालाही नको तितकी तापत नाही आणि गुलाब गारठत नाही. चीनमध्ये त्याला वसंताचं शहर म्हणतात. म्हणजे हवा होतीच. पण हवा तर आपल्या मावळातही चांगली आहे. तळेगावला एमआयडीसीचं फ्लोरिकल्चर पार्क आहे, व्हॅलेंटाइन डेला मावळचा गुलाब परदेशात जातो. मग दौनानकडे असं काय आहे, जे बघायला दोन तास द्यावेत?

तिथला लिलाव. २००२ पासून तिथे कुन्मिंग आंतरराष्ट्रीय फूल लिलाव केंद्र चालतं, हॉलंडच्या पद्धतीवर. आपल्या डोक्यात लिलाव म्हणजे भाव चढत जाणं. इथे उलटं. मोठ्या पडद्यावर घड्याळासारखं चक्र असतं, भाव वरून सुरू होतो आणि झरझर खाली येतो. समोर खरेदीदार बटणावर बोट ठेवून बसलेले. ज्याने पहिलं बटण दाबलं, त्याचा माल, त्या भावाला. दुसरी बोली नाही, घासाघीस नाही. काही सेकंदांत सौदा संपतो आणि पुढचा माल पडद्यावर येतो.

विचार करा, फुलांना हीच पद्धत का? कारण फूल थांबत नाही. चढत्या बोलीत वेळ जातो आणि तेवढ्या वेळात पाकळी मान टाकते. शिवाय खरेदीदाराला लालूच आणि भीती एकाच वेळी वाटते. थांबलो तर स्वस्त मिळेल, पण थांबलो तर दुसरा नेईल. आपल्याकडे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची जुनी पद्धत होती. त्यात काय ठरलं ते दोघांनाच कळायचं, शेतकऱ्याला पट्टी हातात पडल्यावर. दौनानच्या पडद्यावरचा भाव सगळ्या हॉलला दिसतो. (असा घड्याळाचा लिलाव भारतातही आहे बरं का, बेंगळुरूला. त्यासाठी पासपोर्टही लागत नाही.)

पण घड्याळ हा दिसणारा भाग झाला. खरी गंमत त्याच्या आधी घडते, प्रतवारीत. हॉलमधला खरेदीदार फूल हातात घेऊन बघत नाही. पडद्यावर जात, दर्जा, दांड्याची लांबी, नग एवढंच असतं, आणि त्यावर तो पैसे लावतो. म्हणजे "पहिल्या दर्जाचा" या शब्दावर त्याचा विश्वास आहे, कारण तो दर्जा विकणाऱ्याने नाही, केंद्राने तपासलेला असतो. आपल्या मार्केट यार्डातही डच गुलाबाचा भाव २० नगांवर निघतो, दौनानलाही गुलाबाची जुडी २० चीच. नग तेच. पण आपल्या जुडीत वरचे सहा टवटवीत आणि आत काय, ते घरी सोडल्यावर कळतं.

मला इथे दसरा आठवतो. सकाळी झेंडूचा भाव विचारायची सोय नसते, आणि संध्याकाळी तोच झेंडू रस्त्याच्या कडेला ढिगाने टाकून शेतकरी गाडी रिकामी करून निघून जातो. दर वर्षी आपण हळहळतो. भाव उतरवत नेण्याची शिस्त असती, दुपारी दोनला अमुक, चारला तमुक असं आधी ठरलेलं असतं, तर निदान काही माल विकून गेला असता. हे तुमच्या दुकानालाही लागू आहे. गणपतीच्या सजावटीचा माल मी स्वतः विकते. चतुर्थीच्या आदल्या रात्री दहाला उरलेल्या तोरणाची किंमत काय, हे मी श्रावणातच वहीत लिहून ठेवते. त्या रात्री गिऱ्हाईक समोर उभं असताना ठरवायला गेलं, की हात आखडतो आणि तोरण वर्षभर माळ्यावर जातं.

लिलावाच्या हॉलमध्ये खरेदीचा हक्क नोंदणी केलेल्यांनाच असतो, आणि लिलाव दुपारचा. बाहेरून बघायला मिळेलच, असं धरून जाऊ नका. नाही मिळालं तरी बिघडत नाही, कारण शेजारचा खुला बाजार कोणालाही मोकळा आहे. तिथे माझी विनंती एकच: पहिला अर्धा तास फुलांकडे बघू नका. पॅकिंगकडे बघा. जुडीला कागद कसा गुंडाळलाय, दांड्यांना पाणी कसं दिलंय, खोक्यात गारवा कसा राखलाय, खोकं कुठे बंद होतं आणि कुरिअरवाला कुठे बसलाय. बाजारातच कुरिअरचे गाळे आहेत. शेजारी एखादी मुलगी फोन स्टँडला लावून थेट प्रक्षेपणावर फुलं विकत असते आणि तिच्या मागे दोघं जण त्याच वेळी खोकी भरत असतात. विक्री, बांधणी, रवानगी, सगळं दहा पावलांत. आपल्याकडे ऑर्डर इन्स्टाग्रामवर, माल घरी, खोकं आणायला बोहरी आळी आणि कुरिअर आणखी कुठेतरी. तुमची ऑर्डर दिवसभर रिक्षातच फिरते. ती किती पावलं चालते, ते परत आल्यावर मोजाच.

पुढचा अर्धा तास सुक्या फुलांना द्या. यिवूला निघालेल्या आपल्या बऱ्याच जणांच्या यादीत पहिली वस्तू असते प्लास्टिकची फुलं. का नसावी? हलकी, न मोडणारी, लग्नसराईला आणि गणपतीला हमखास जाणारी. पण २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात या फुलांवर बंदीची मागणी झाली, कारण आपला पॉलिहाउसवाला शेतकरी त्यांनी मेटाकुटीला आलाय. उद्या सरकारने काय करायचं ते सरकार करेल, पण कर्ज काढून कंटेनरमध्ये माल भरणाऱ्याने हा वारा ओळखायला हवा. समजा माल समुद्रात आहे आणि नियम बदलला. मग तो माल कोणाच्या गळ्यात पडणार?

दौनानच्या बाजारात ताजं आणि प्लास्टिक यांच्या मधलं एक मोठं जग दिसतं. वाळवलेली जिप्सोफिला, कमळाची सुकी बोंडं, निलगिरीच्या फांद्या, ग्लिसरिनसारखी द्रव्यं मुरवून वर्षानुवर्षं मऊ राहतील अशी टिकवलेली गुलाबं. गिऱ्हाइकाला "खरं फूल" म्हणून सांगता येतं आणि तुमच्या माळ्यावर ते सडत नाही. हात लावा, भाव विचारा, कॅल्क्युलेटरवर आकडा टाइप करून घ्या, परवानगी घेऊन फोटो काढा.

आणि तिथे काही विकत घेऊ नका.

हो, नीट वाचलंत. कारण सुकी फुलं भारतातून परदेशात जातात. तमिळनाडूत तुतिकोरीनच्या बाजूला आणि कोलकात्यात हा निर्यातीचा धंदा जुना आहे. कुन्मिंगला तुम्हाला कळलं की असा माल असतो, तो कसा मांडतात आणि लोक त्याला काय भाव देतात. पुरवठादार कदाचित रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर निघेल, जीएसटीच्या बिलावर, मराठी-हिंदीत भांडता येईल असा. आयात करायला कोड काढा, कस्टम भरा, बंदरात माल अडकला की जागरण करा, यातलं काहीच लागणार नाही. माझ्या मते परदेशातल्या बाजाराचा सगळ्यात मोठा नफा हा असतो, पण तो कुठल्याच खातेवहीत दिसत नाही.

उरलेल्या वेळात गुलाबाच्या पाकळ्यांची पेस्ट्री मिळते ती बघा. वर पापुद्रे, आत गुलाब आणि साखर. पहिला घास घेतलात की तुम्ही म्हणाल, अरे हा तर गुलकंद! आपण गुलकंद पानात आणि बरणीत अडकवून ठेवला, त्यांनी त्याला खोक्यात घालून शहराची भेटवस्तू करून टाकलं. मात्र पापुद्र्याला डुकराची चरबी वापरलेली असू शकते, तेव्हा विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. भाषांतराच्या ॲपवर "मी शाकाहारी आहे, यात कोणतीही प्राण्याची चरबी आहे का" हे वाक्य चिनीत आधीच साठवून ठेवा.

आता निघण्याआधीची काही कामं. ही पुण्यात, घरी बसूनच करायची आहेत. अलिपे किंवा वीचॅटमध्ये तुमचं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून ठेवा. तिथे भाजीवालीही कोडवरच पैसे घेते आणि रोख नोट दिली की सुट्ट्यांसाठी शोधाशोध होते. तिथल्या इंटरनेटवर गुगल आणि व्हॉट्सॲप चालत नाही. आपल्या सिमवर रोमिंग घेतलं तर साधारणपणे चालतं, म्हणून निदान त्या दिवसाचं रोमिंग घ्या. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे करा. अख्ख्या चीनमध्ये एकच वेळ आहे आणि कुन्मिंग पश्चिमेकडे, त्यामुळे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातलाही उजेड असतो. त्या उजेडाला फसू नका, वेळ घड्याळातच बघा.

पॉवर बँकचं तर खास सांगते. २८ जून २०२५ पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानांत ३सी ही चिनी खूण नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. आपल्याकडे घेतलेल्या बऱ्याच पॉवर बँकांवर ती नसते. कुन्मिंगहून पुढच्या विमानाच्या तपासणीत ती काढून घेतली जाईल, आणि तुमचा पैसा, नकाशा, भाषांतर, तिकीट, सगळं फोनमध्ये! तेव्हा खूण तपासूनच न्या, नाहीतर फोन विमानतळावरच पूर्ण चार्ज करून निघा.

बाजारात कंद, बिया, रोपं फार मोहात पाडतात. परत येताना ती बॅगेत टाकू नका. परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात ती आणता येत नाहीत. विकायचा माल बॅगेतून आणणं हाही मार्ग नाही. एखादा नमुना वेगळा आणि पन्नास डझन "नमुने" वेगळे, हे कस्टमवाल्याला आपल्याआधी कळतं.

दौनानचा खरा जोर रात्री आठनंतर चढतो. आसपासचा माल येतो, हातगाड्या धावतात, घाऊकवाले जुड्या उचलतात. वरच्या हिशेबाप्रमाणे तुम्हाला सातलाच निघायचंय, त्यामुळे तो बघायला मिळणार नाही. तुमचा थांबा रात्रभराचा असेल, म्हणजे संध्याकाळी उतरून सकाळचं विमान असेल, तर मात्र रात्रीच जा. फक्त परतीला दहानंतर मेट्रोवर विसंबू नका, टॅक्सीचे पैसे आधीच खर्चात धरा आणि सामान ठेवलेल्या काउंटरची बंद व्हायची वेळ पावतीवर लिहून घ्या.